रुंद रिमचा ब्रेक

त्या मंगळवारी नीलांबरी खराडेसमोर चार चाकं, तीन प्रकारचे ब्रेक आणि एका माणसाचा जीव होता.

'मृगशीर्ष' ही अवकाशवसाहत म्हणजे साठ मीटर व्यासाचं एक पोकळ पिंप. ते चोवीस सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी घ्यायचं, आणि त्यामुळे आतल्या भिंतीवर वावरणाऱ्या ऐंशी माणसांना पृथ्वीवरच्या एक पंचमांश वजन मिळायचं. तिथले लोक याला परिवलनभार म्हणत. भिंत हीच त्यांची जमीन. पिंपाच्या मधोमध आरपार गेलेला स्थिरकणा मात्र फिरत नसे. तिथे दुर्बिणी होत्या, आणि कशालाच वजन नव्हतं.

जमिनीवरून स्थिरकण्यात जायला एकच लिफ्ट होती. सोमवारी सकाळी तिच्या सांध्याची दारं अडकली; दुरुस्तीला आठ दिवस लागणार होते. दुपारी वर खगोलशास्त्रज्ञ वसंत थिटे यांची मांडी दुर्बिणीच्या यंत्रात सापडून मोडली. थिटे चौदा महिने खाली उतरलेच नव्हते. डॉ. झुबेदा अत्तार यांनी स्पष्ट सांगितलं की शस्त्रक्रिया दोन दिवसांत हवी आणि ती खालच्या दवाखान्यातच, कारण वर रक्त हवेत तरंगत राहील. पिंप थांबवायचं म्हटलं तर सहा दिवस. दोराने खाली सोडायचं म्हटलं, तर मुख्य अभियंता हेरंब टिळेकरने मान हलवली. कणा स्थिर, आणि जमीन ताशी अठ्ठावीस किलोमीटर वेगाने पळणारी. दोराने उतरलेला माणूस फरफटत गेला असता.

नीलांबरी वसाहतीचा सायकलमार्ग सांभाळायची. व्यायामासाठी सगळ्यांना तिथे रोज फेऱ्या माराव्या लागत, आणि पिंपाच्या उलट दिशेने जोरात गेलं की अंग हलकं होतं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ती हेरंबकडे गेली.

"दादा, उलट दिशेने ताशी अठ्ठावीसने गेलं की आपण खरं तर स्थिर असतो, जमीन खालून सरकत असते. म्हणून वजन शून्य. त्या क्षणी वरून दोर टाकून सायकलसकट वर ओढून घेता येईल."

"वर जाण्याचं कळलं. खाली कसं यायचं?"

"टेकण्याआधीच चाकं त्या वेगाने फिरवायची. मग जमीन आपल्याला ओढणार नाही, नुसती चाकांखालून जाईल. आणि मग ब्रेक. वेग उतरेल तसं वजन चढेल. इथे ब्रेक थांबण्यासाठी नाही, वजन आणण्यासाठी आहे."

हेरंबने दोन रेसच्या सायकली शेजारी ठेवून पाइपांनी जोडल्या आणि मधे स्ट्रेचर बसवलं. वर कण्यात असलेल्या लोकांनी दोर सोडला, आणि दोघं पाण्याची पोती बांधून चाचण्या घेऊ लागले.

पहिल्याच टेकण्याला अरुंद, टणक टायर उसळले आणि पोतं मिनिटभर हवेत तरंगत राहिलं. मऊ, रुंद टायर घातले, तर अरुंद रिमवर ते आडवे डुलायला लागले. तेव्हा एकोणतीस मिलिमीटर रुंदीच्या रिमची चाकं शोधून आणली. टायर नीट बसले, उसळी गेली, आणि ब्रेक बसेनात. रेसच्या ब्रेकचा जबडा पंचवीस मिलिमीटरच उघडायचा. हेरंबने रबरं कानशीने घासून पातळ केली. मग चाक जेमतेम फिरलं, तेही घासत. फ्रेमवरच्या खुंट्यांना लागणारे ब्रेक होते, पण या फ्रेमना खुंट्याच नव्हत्या. उरले मालवाहू सायकलींचे जुने, लांब भुजांचे ब्रेक. ते तेहेतीस मिलिमीटर उघडत, पण दाबले की भुजा किंचित वाकत आणि मूठ स्पंजासारखी मऊ लागे.

हेरंबला ते पसंत नव्हते. माणसाचा जीव असल्या मऊ ब्रेकवर टाकायचा नाही, अजून रबर घासू, असं त्याचं म्हणणं.

"टेकताना वजन नसतं, म्हणून पकडही नसते," नीलांबरी म्हणाली. "कडक ब्रेक चाक जागीच जाम करील आणि आपण घसरू. वजन येईल तशी पकड येईल, आणि तेवढाच ब्रेक वाढवता आला पाहिजे. हा मऊ आहे म्हणूनच बोटाचं ऐकतो."

त्याने दोन्ही ब्रेक लावून पाहिले. कडक ब्रेकचं पोतं तीनदा घसरलं. मऊ ब्रेकचं पोतं एकदाही नाही.

बुधवारी सकाळी दोघं निघाले. नीलांबरी डावीकडे, हेरंब उजवीकडे. वेग वाढला, पायाखालची जमीन परकी झाली, आणि वरून आलेल्या दोराने त्यांना अलगद उचललं. तासाभराने ते स्ट्रेचरवर थिट्यांना बांधून परत खाली सोडले जात होते. थिटे डोळे मिटून होते. नीलांबरीने पायडल मारून चाकं फिरवली. टायर टेकले, दबले, आणि उसळले नाहीत. मार्गाकडेला जमलेले लोक श्वास रोखून उभे होते.

तिने दोन बोटांनी ब्रेक दाबला. वीस. सोळा. शेजारून दुसऱ्या सायकलवर डॉ. अत्तार थिट्यांच्या दंडावरच्या यंत्राचे आकडे बघत चालल्या होत्या. वेग बारावर आला, वजन जमिनीवरच्या एक तृतीयांश झालं, आणि थिट्यांचा चेहरा पांढरा पडला.

"रक्तदाब कोसळतोय," डॉक्टर म्हणाल्या. "ब्रेक सोड. पुन्हा वेग घे."

नीलांबरीने बोटं उचलली आणि दोघांनी जीव खाऊन पायडल मारले. वेग विसावर गेला, वजन जवळजवळ नाहीसं झालं, आणि थिट्यांच्या ओठांवर रंग परतला. चौदा महिन्यांत त्यांचं हृदय वजन विसरलं होतं, आणि मोडलेल्या मांडीत रक्त साचलेलं. आता वजन घोटाघोटाने द्यायला हवं होतं. किती वेळ, असं हेरंबने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, पाच तास तरी.

पाच तास न थांबता सायकल चालवायची. कडेच्या लोकांनीही ते ऐकलं होतं. स्वयंपाकघरातल्या कुंदा भिसे सगळ्यांत आधी सायकल काढून शेजारी आल्या. इतक्या कमी वजनात एका खोगिरावरून दुसऱ्यावर जाणं म्हणजे पाखराने फांदी बदलण्याइतकं सोपं. त्यांनी हेरंबची जागा घेतली. मग पाणीपुरवठ्याचे लोक आले, शाळेच्या दोन्ही बाई आल्या. वीस मिनिटांनी एकजण उतरे, दुसरा चढे. डावीकडची नीलांबरी मात्र बदलली नाही. तिने पायडल सोडून दिलं, कारण पलीकडचा माणूस दोघांपुरतं ओढत होता. तिच्याकडे उरला फक्त ब्रेक. दर काही मिनिटांनी डॉक्टर होकाराची मान डोलवत आणि ती केसाएवढा वेग उतरवे.

चौथ्या तासाला डॉ. अत्तार तिच्या अगदी जवळ आल्या.

"आपली लिफ्ट खाली यायला किती वेळ घेते?"

"चाळीस सेकंद."

"म्हणजे चाळीस सेकंदांत पूर्ण वजन," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "लिफ्ट चालू असती, तर सोमवारी दुपारीच मी त्यांना तिच्यात घातलं असतं. आणि खाली प्रेत उतरवलं असतं."

नीलांबरीने बोटांखालचा मऊ ब्रेक पुन्हा एकदा चाचपला.

वेग आठवर आला, चारवर आला, चालणाऱ्या माणसाएवढा झाला. आता सगळी वसाहत सायकलींच्या बाजूने चालत होती. दवाखान्याच्या दारासमोर रबरांनी रुंद रिम धरून ठेवली आणि चाकं थांबली. यंत्रावरचे आकडे स्थिर होते. थिट्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला, तो जड लागला म्हणून त्याच्याकडे बघत राहिले, आणि चौदा महिन्यांनी त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गालांवरून खाली ओघळलं.