अठ्ठावीस विती

"ढब्ब्या, परत मोज!" चिमणी कुजबुजली.

तिच्या मावसभावाने, ढब्बूने, वल्हं बोटीवर ताणलेल्या दोरीला पुन्हा लावलं. "एक... दोन... आणि वर दोन विती. तिसऱ्यांदा तेच!"

काल या नव्याकोऱ्या दोरीला दर पाच मीटरवर लाल पट्ट्या बांधल्या, तेव्हा दोन पट्ट्यांमध्ये बरोब्बर दोन वल्ही मावली होती. आज दोरी ओली झाली होती, टोकाला शिशाचं वजन खोल समुद्रात लोंबत होतं, आणि ती चक्क लांबली होती!

"सत्तर मीटरला चौदा तुकडे. म्हणजे अठ्ठावीस विती!"

"बाप रे! सहा मीटर जास्त!"

बोटीपासून चार हातांवर मावशी डोळे मिटून पाण्यावर उताणी तरंगत होती. आता एका श्वासात ती दोरीवरून खाली घसरणाऱ्या वजनाच्या गाड्याला धरून दोरीच्या टोकापर्यंत जाणार होती. गाडा तिथेच सोडून, दोरी ओढत, स्वतःच्या बळावर वर येणार होती. सत्तर मीटरच्या खाली ती आजवर कधीच गेली नव्हती.

दोघं या बुडीची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या संयोजककाकांकडे धावली. "काका, दोरी लांबलीय!"

"दोरी आहे ती, रबर नव्हे!" काका हसले. "काल मी जातीने मोजलीय."

"पण कोरडी असताना!"

"शू! तिचं लक्ष विचलित होईल. बुडी बघायला आलेले पाहुणे खोळंबलेत. पळा इथून!"

"मावशीला हाक मारू या?" ढब्बूने विचारलं.

"काका म्हणतील, पोरांचा खेळ! पुरावाच हवा."

मावशीच्या पिशवीत पाण्याची खोली दाखवणारं दुसरं घड्याळ होतं. चिमणीने ते बोटीच्या कडेला टांगलेल्या गाड्याला करकचून बांधलं.

"दोन मिनिटं!" काका ओरडले.

चिमणीने खाली वाकून एकदा, दोनदा, तीनदा पाहिलं. गाड्याखालच्या पाण्यात कोणी नव्हतं. तिने गाडा अडवून धरणारी खीळ ओढली.

घर्रर्र! रिकामा गाडा दिसेनासा झाला.

"कार्टे! काय केलंस हे!" काका लालबुंद झाले. पाहुणे ताडकन उभे राहिले.

मावशीने डोळे उघडले. "काय चाललंय?"

"मी मुद्दाम सोडला, मावशी! घड्याळ बांधलंय. गाडा वर येऊ दे, मग हवं तेवढं ओरड!"

गाडा वर ओढणारं विंच कुरकुरत फिरू लागलं. चिमणी दोरीवर नजर लावून उभी राहिली. आपलंच गणित चुकलं असलं तर?

अखेर गाडा वर आला. मावशीने स्वतः घड्याळ पाहिलं.

"शहात्तर," ती हळूच म्हणाली.

काका मटकन खाली बसले. "चूक माझी. पोरं सांगत होती, मी ऐकलं नाही."

"खीळ ओढण्याआधी पाण्यात पाहिलं होतंस?" मावशीने विचारलं.

"तीनदा!"

मावशीने तिला ओल्या अंगानेच मिठी मारली.

दुपारी दोरी वजन टांगूनच नव्याने मोजली गेली, आणि मावशी खाली गेली. एक मिनिट... दोन... ढब्बूने चिमणीचा हात आवळला. अडीच! आणि फस्सकन पाणी फुटलं.

"मी ठीक आहे!" मावशी धापा टाकत हसली. "सत्तर! एक वीतही जास्त नाही!"

पाहुण्यांच्या टाळ्या मावशीसाठी सुरू झाल्या. काकांनी मात्र त्या दोघांना पुढे ओढलं आणि म्हणाले, "आधी यांच्यासाठी वाजवा!"