क्लच नसलेली बस

थंडीतली सकाळ होती. देवराम डेपोतून बस काढून नाशिक रोडला निघाला होता, आणि दिवस उजाडतो न उजाडतो तोच त्याचा जीव थकून गेला होता. उभा जन्म डिझेलच्या बसवर गेला आणि उतारवयात ही विजेची गाडी नशिबी आली. आवाज नाही, थरथर नाही, क्लचसुद्धा नाही. पण हे डाव्या पायाला कोण समजावणार? तो क्लच समजून ब्रेकच दाबायचा आणि बस जागच्या जागी थबकायची. परवा तशातच एक बाई आपटली, तिचे पुढचे दात पडले. मॅनेजरने तोंडावर सांगितलं, "पुन्हा असं झालं तर स्टेअरिंग विसरा. गाड्या धुवायला लावीन."

म्हणून आज त्याने डावा पाय मफलरने सीटच्या दांड्याला करकचून बांधला होता. मागे कंडक्टर सविता तेवढी होती, अजून प्रवासी कुणी नव्हता.

द्वारका चौक मागे पडला आणि धुकं दाटलं. बस मुकाट चालली होती. एकाएकी केबिनमध्ये वास भरला... डिझेलचा.

"सविता, वास येतोय का गं?"

"कसला, काका?"

तेवढ्यात करकचून ब्रेक लागला. सविता दांड्याला धरून कशीबशी सावरली. पुढे हातभर अंतरावर भाजीची पाटी घेतलेली एक म्हातारी उभी होती. बसची चाहूलच तिला लागली नव्हती.

देवरामने खाली पायांकडे पाहिलं. उजवा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता. डावा बांधलेलाच. मग ब्रेक दाबला कुणी? म्हातारी वाचली म्हणून हायसं वाटायला हवं होतं, पण त्याला नुसती भीती वाटत होती.

त्याने दार उघडलं. म्हातारीने पायरीवर पाय ठेवला आणि ती तिथेच थिजली.

"बाबा..." ती दबकत म्हणाली, "तुझ्या मांडीवर कोन बसलंय?"

"कुणी नाही, आजी... या ना वर."

"नाय... मी जाते पायी."

ती धुक्यात दिसेनाशी झाली. देवरामने दार लावलं. बस झालं आता, गाड्या धुवू, पण ही सीट नको, असं ठरवून त्याने स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढले. उजवा पायही मागे ओढून घेतला.

बस निघाली. धक्का नाही, हिसका नाही. पुढच्या वळणावर स्टेअरिंग अलगद फिरलं.

"बघा काका," मागून सविता कौतुकाने म्हणाली, "आता कशी झकास जमली तुम्हाला!"