तुटलेल्या तारेवरचा आवाज

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. हे माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलंय. आणि शेवटचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकलाय.

पहिला आवाज आला तेव्हा रात्र नव्हती. वादळ नव्हतं. लख्ख दुपार होती. वहिनीच्या ऑफिसात शेजारच्या टेबलांवर लोक डबे उघडून गप्पा मारत होते.

वहिनी प्रोग्रामर. तिचा धाकटा भाऊ पाणबुड्या. धरणाच्या तळाशी उतरायचं आणि लोखंडी दरवाजांत अडकलेले ओंडके, गाळ मोकळा करायचा, हे त्याचं काम. पोरगा लहानपणापासून पाण्यातच. घरात त्याला सगळे पाणकावळा म्हणायचे.

त्याच्या हेल्मेटमध्ये माईक असायचा. माईकची तार वर, काठावरच्या एका पेटीत यायची. पेटी आवाजाचे आकडे करायची आणि कॉम्प्युटरकडे सोडायची. ते आकडे, म्हणजे बाइट्स, वाचून पुन्हा आवाज करणारा, तो रेकॉर्ड करून ठेवणारा प्रोग्राम वहिनीने लिहिलेला.

त्यानेच तिला गळ घातली होती. "ताई, माझे शब्द मधेच गळतात गं. मी म्हणतो 'ओढू नका', वर ऐकू येतं 'ओढू'. एक दिवस जीव जाईल माझा."

"वाट्टेल ते बोलू नकोस," असं म्हणून तिने त्याला झापलं. आणि आठवड्याभरात प्रोग्राम करून दिला.

मी एकदा विचारलं होतं, नेमकं करतेस काय? ती हसली. "नळाखाली भांडं धरतो ना, तसं. बाइट्सची धार येते. मी बफर धरते. बफर म्हणजे भांडं. जेवढं आलं तेवढं ओतून घ्यायचं, रिकामं पुन्हा धरायचं. धार थांबली तर प्रोग्राम भांडं धरून वाट बघत बसतो."

मग तो अपघात झाला.

खाली एक ओंडका अचानक सुटला. पाण्याच्या जोरात वहिनीचा भाऊ दरवाजाच्या आत खेचला गेला. कमरेचा दोर तुटला, तारही तुटली. शोधणारे थकले, पण पाणकावळा सापडला नाही.

काही दिवसांनी ती पेटी वहिनीच्या टेबलावर आली. शेवटचे काही क्षण रेकॉर्ड झालेच नव्हते, ते का, एवढंच तपासायचं होतं. दुसरं कोणी करेल, असं साहेब म्हणाले. ती म्हणाली, "माझा प्रोग्राम आहे. मीच बघते."

तिने पेटी जोडली. तुटक्या तारेचं टोक टेबलावरून खाली लोंबत होतं. त्याला माईक नव्हता, काहीच नव्हतं.

प्रोग्राम सुरू केला. आवाजच नाही, म्हणजे नुसती शून्यं यायला हवी होती.

शून्यं आलीच. स्क्रीनभर शून्यं.

आणि मग...

आकडे बदलले.

स्पीकरमधून श्वास ऐकू आला. हेल्मेटमधला. घरघरणारा.

"...ताई?"

तिच्या हातातला पाण्याचा ग्लास खाली पडला. शेजारचे वळून बघायला लागले.

वहिनी हडबडली, पण डोकं ठिकाणावर ठेवलं. अशी चूक होते, हे तिला माहीत होतं. भांडं अर्धंच भरलं आणि आपण पूर्ण उपडं केलं, तर तळाशी उरलेलं जुनंही ओतलं जातं. जुना आवाज असेल. तेच असणार. तिने बफर पुसून काढलं. प्रत्येक वेळी नवं, कोरं घ्यायचं असं लिहिलं. पुन्हा सुरू केलं.

"ताई, दोर ढिला पडलाय... कोणी ओढतच नाहीये."

हे वाक्य कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं.

तिने धरणावरच्या वायरमनला बोलावून घेतलं. तो पाणकावळ्याचा दोस्त. त्याने पेटी उघडली, निरखून पाहिली, बंद केली. "बाई, आवाज साठवून ठेवायला हिच्यात जागाच नाही. आत येतं ते लगेच बाहेर जातं."

तेवढ्यात स्पीकर खरखरला. "काळोख आहे खूप... ऐकतेयस ना? एक हाक तरी दे."

वायरमन जागच्या जागी पांढराफटक पडला.

"मला बोलायचंय त्याच्याशी!" वहिनीने त्याचा दंड धरला. "इथून आवाज खाली कसा जायचा?"

"ती तार वेगळी होती, बाई. ती... ती तिकडेच गेली. त्याच्याबरोबर."

या पेटीतून फक्त ऐकता येत होतं. बोलायला वाटच नव्हती. तरी ती स्पीकरला तोंड लावून ओरडत राहिली. "मी आहे रे! मी ऐकतेय!"

आणि तो विचारत राहिला, "ताई? आहेस ना?"

संध्याकाळी दादा, म्हणजे माझा भाऊ, तिला घ्यायला गेला. त्यानेही ऐकलं. त्याने पेटीची पिन उपसली.

"अहो, तो बोलत होता!"

"तो गेलाय गं. वेड लागेल तुला."

त्याने पेटी घरी आणून माळ्यावर टाकली. वहिनीने अन्न सोडल्यासारखंच केलं. कोणी काही विचारलं तर एकच बोलायची. "ऐकणारं बंद झालं म्हणून बोलणारा गप्प होतो का?"

शेवटी दादाच हरला. एका रविवारी सकाळी त्याने पेटी खाली काढली आणि मला बोलावलं. "एकदा लावू. काही आलं नाही तर तिच्या मनाची समजूत पटेल."

वहिनीने प्रोग्राम सुरू केला.

धार नव्हती ती... लोंढा होता. बफर काठोकाठ भरत होतं, ओतलं की पुन्हा भरत होतं. इतक्या दिवसांचं तुंबलेलं एकदम येत होतं. हाका. मग शिव्या. मग रडणं. मग लहानपणीसारखं विनवणं, "ताई, नाही गं पुन्हा जाणार पाण्यात..."

दादाने तोंड फिरवलं. मी भिंतीला टेकलो.

मग हाका विरळ झाल्या. नुसता श्वास उरला.

मग तोही नाही.

वहिनी हलली नाही. आम्हाला वाटलं, संपलं. सुटला बिचारा.

आणि अचानक...

तो हसला. सुटकेचं हसू. भर गर्दीत हरवलेल्या पोराला आपलं माणूस दिसावं, तसं.

"आलीस? मला ठाऊक होतं, तू येशील... हो, हो, धरलाय हात. ओढ तू."

वहिनीने आमच्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात टेबलावर होते. आमच्या डोळ्यांसमोर.



स्पीकरमधून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. लांब... खाली खाली जाणारा.

"ताई... वर नेतेयस ना?"

घासल्याचा आवाज आणखी खाली गेला.

"ताई, तुझा हात एवढा गार कसा?"

त्यानंतर एकही बाइट आला नाही.

वहिनीने नोकरी सोडली. पेटीचं काय केलं, ते दादा सांगत नाही. परवा मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ती खिडकीशी बसली होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "भाऊजी, त्याला अजूनही वाटत असेल का, की हात धरणारी ती मीच होते?"