टाकीवरून डावीकडे

निहार, तो मोबाईल ठेव बाजूला, नाहीतर मी चाललो झोपायला. दिवसभर उभा होतो, पायांचे तुकडे पडलेत माझे. ऐकायचंय ना? मग मध्येमध्ये “यार काका” नको.

आमच्या ऑफिसातला हरिदास. लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर. गेल्या वर्षीची भाऊबीज, फटाक्यांच्या धुरानं दिल्ली नुसती कोंदलेली. त्याच्या बायकोला, उत्तरावहिनींना, दमा, आणि नेमका त्या रात्री श्वासाचा पंप संपला. बाईला एक अख्खं वाक्य बोलवेना. हा बिचारा ड्यूटी करून गळून आलेला, तसाच केमिस्टकडे पळाला.

पंप मिळाला. परत येताना पाय आपोआप जुन्या कॉलनीत वळले. आधी तिथंच तर राहायचा तो, आणि शॉर्टकटही तोच. पाण्याची टाकी, टाकीवरून डावीकडे दुधाचं बूथ, मग गुलमोहर, की आलाच पलीकडचा रस्ता. सगळे ब्लॉक सारखे, म्हणून तिथली माणसं खुणांवरच चालायची.

टाकी दिसली. वळला. बूथ. गुलमोहर.

पुढे... परत टाकी.

“अरे, असं कसं?” पुन्हा वळला. पुन्हा टाकीच. चकवा, बाळांनो! आणि तेव्हा कुठं त्याला आठवलं. टाकी उन्हाळ्यातच पाडली होती. बूथही. सगळी कॉलनीच पाडलेली.

समोर त्याचं जुनं क्वार्टर. दिवा लागलेला. दारात उत्तरावहिनी.

“आलात? किती दमलात हो! या, टेका जरा, मग निवांत जेवू.”

तो इतका थकला होता रे... पाय पायरीवर टेकलासुद्धा. आणि थांबला.

एका दमात बोलली ही.

धाप नाही.

पळाला. मागे वळून बघितलं नाही. पडला, उठला, पळाला.

घरी किल्लीनं दार उघडलं. वहिनी काळ्यानिळ्या. पंप दिला. हळूहळू श्वास सुरळीत झाला. मग त्याचा हात धरून म्हणाल्या,

“मघाशी... दार वाजवून... ‘आत येऊ?’ का विचारलंत? मला उठवेना... म्हणून पडल्यापडल्याच... ‘या’ म्हटलं.”

हरिदास उठून दाराशी गेला. दारावर विटांच्या लाल धुळीचा पंजा उमटलेला. ओला.

आतल्या बाजूनं.