पाहुणीला गाणं कोणी दिलं?

शेकोटीत अजून दोन लाकडं सरकवा आणि तो माते चहाचा पेला इकडे द्या. माझा स्वतःचा भुताखेतांवर विश्वास नाही. पण तादेओला मी शाळेपासून ओळखतो. तो थापा मारत नाही. ते खातं त्यानं पहिल्यापासून माझ्याकडे सोपवलंय.

गेल्या जुलैतला दुसरा शनिवार. म्हणजे आपला भर हिवाळा, हाडं गोठवणारी थंडी. तादेओ संध्याकाळी पारानाच्या बसस्थानकावर गेला होता, पाहुणी गायिका आणायला. ‘नदीखालचं शहर’ हा आपल्याकडचा जुना रॉक ऑपेरा. दर हिवाळ्यात अख्ख्या वाद्यवृंदासह त्याचा प्रयोग होतो, मोठी गाणी पाहुणे गातात. तिथली माइक, स्पीकर, वायरी अशी आवाजाची सगळी व्यवस्था तादेओची.

आनाही तिचं नाव. बसमधून उतरली ती आईला घेऊनच. कॉन्कोर्दियाला लग्नांत गाणारी बारकीशी पोर.

“काका, आज ब्युनोस आयर्सहून माणसं येणारेत ऐकायला,” गाडीत ती म्हणाली. “आज जमलं तर जमलं. नाहीतर आहेतच माझी लग्नं.”

“लग्नात जेवण तरी मिळतं,” मागच्या सीटवरून आई.

तादेओ खो खो हसला.

आता बघा, पाहुणे येतात प्रयोगाच्या दिवशी. मग महिनाभर वाद्यवृंदानं तालीम करायची ती कोणाच्या आवाजावर? त्यासाठी एलादिओ होता. सगळ्या पाहुण्यांची गाणी तालमीत तोच गायचा. प्रयोगाच्या दिवशी पाहुणा आला की त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, म्हणायचा, “घे, आता तुझं.” आणि जाऊन पडद्यामागे बसायचा. वर्षानुवर्षं हेच. एकदा त्यानं मेस्त्रोंकडे, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्या गुरुजींकडे, प्रयोगात एक गाणं मागितलं. एकच. मेस्त्रो म्हणाले, “तुझ्या नावावर तिकीट कोण काढणार रे?” सगळे हसले. एलादिओही हसला.

मे महिन्यात तो गेला.

“मग तालमीत गायलं कोण, मामा?”

तेच सांगतोय. तादेओकडे आदल्या वर्षीच्या तालमींचं रेकॉर्डिंग होतं. त्यानं तेच लावून दिलं. नवा माणूस शोधायचा कंटाळा, दुसरं काय.

प्रयोगाच्या आधी एल्विराबाईंनी त्याला गाठलं. व्हायोलिनवाल्यांमधल्या सगळ्यात जुन्या त्या.

“पोरीला गाणं कोणी दिलं?”

“म्हणजे?”

“तिच्या खांद्यावर हात कोणी ठेवला?”

“तुम्ही ठेवा की, बाई.”

“माझं कुठे आहे ते, द्यायला?”

तादेओनं हसण्यावारी नेलं.

नऊला पडदा उघडला. नाट्यगृह खचाखच. आनाही पुढे आली. मेस्त्रोंनी हात उचलला. तिनं तोंड उघडलं.

आवाज आला. पुरुषाचा.

तादेओनं रेकॉर्डिंगकडे पाहिलं. बंद. तिचा माइक बंद केला. आवाज चालूच. मुख्य वायर उपटली. टेबलावरचे दिवे विझले...

आवाज चालूच.

आणि काय आवाज! जिवंतपणी एलादिओ असा कधी गायला नव्हता. लोकांना वाटलं, यंदा काहीतरी नवीन केलंय. लोक उभे राहिले. टाळ्या. आरोळ्या. वादकांना थांबावंसं वाटत होतं. थांबता येईना. महिनाभर त्याच आवाजावर हात बसलेले. मेस्त्रोंचा हात खाली येईना.

आनाही... तोंड तसंच उघडं. गालांवर पाणी. ती लोकांकडे बघत नव्हती. मेस्त्रोंकडे नाही. तादेओकडे बघत होती. फक्त तादेओकडे.

त्याच्या हातात उपटलेली वायर.

तो काय करणार होता?

...

काही नाही करता आलं.

आजही ती बोलते, नीट बोलते. पण गायला तोंड उघडलं की नुसती हवा. डॉक्टर सांगतात, गळा ठणठणीत आहे. लग्नंही गेली.

सप्टेंबरात तादेओ कॉन्कोर्दियाला गेला. माफी मागायची होती. दुपारची वेळ, दार उघडंच. आनाही खिडकीशी खुर्चीत बसलेली.

“आलात?” म्हणाली. वळून पाहिलं नाही.

तो आत आला. तेवढ्यात आई फडकं घेऊन आली. खुर्चीमागे वाकली, लादी पुसायला लागली.

“राहू द्या की, बाई. मी काय परका आहे?”

“तुमच्यासाठी नाही पुसत,” ती म्हणाली. “रोजच पुसते. घरात आम्ही दोघीच. कोणी येत नाही, जात नाही...”

तादेओ वाकला.

लाल लादीवर, आनाहीच्या खुर्चीला अगदी लागून, पुरुषाच्या बुटांचे दोन ठसे. टोकं तिच्या पाठीकडे. अर्धे पुसलेले.

आईनं फडकं पिळलं, पुन्हा वाकली... आणि थांबली. ठसे पुन्हा पुरे झाले होते.