पेटीवर बसू नये

प्रयोगशाळेतल्या यंत्राचा काटा एकदम उसळला तशी ती दचकून उठली. बघते तर — कापड कारखान्याकडून आलेला तो नवा पाहुणा खुशाल वाळूच्या पेटीवर बसलेला!

"अहो, उतरा! चाचणी चालू आहे!"

"अरे बापरे... मला वाटलं, बाक आहे." तो उठला आणि कानापर्यंत लाल झाला.

पेटीत ठासून भरलेली वाळू होती, वाळूत पुरलेलं त्याच्याच कारखान्याचं जाड जिओटेक्स्टाइल, आणि यंत्र ते कापड सावकाश बाहेर ओढत होतं. बंधाऱ्याच्या भरावात घालण्याआधी ते किती ओढीला सुटतं, हे तिने सांगायचं. वरून या महाशयांचं वजन पडलं, वाळूने कापड घट्ट धरलं आणि सकाळची सगळी मेहनत पाण्यात गेली.

"पुन्हा भरायची?"

"हो. आणि तुम्ही भरायची!"

त्याने मुकाट्याने बाह्या सरसावल्या. मग नव्या नमुन्यांच्या निमित्ताने रोजच येऊ लागला. तिच्या भुवईला वाळू लागली की नुसतं बोट दाखवायचा, पुसायचा मात्र नाही... याचाच तिला राग यायचा.

"गंमत बघा," एकदा ती म्हणाली, "ओढ बसते पुढच्या टोकाला. कापड ताणलं जातं, पण मागच्या टोकाला कितीतरी वेळ पत्ताच नसतो."

"इथेही तसंच चाललंय," तो पुटपुटला.

"काय?"

"काही नाही... आकडा लिहा."

शेवटचा नमुनाही पास झाला. आता त्याला इथे यायचं कारणच उरलं नव्हतं. दुपारी सगळं ऐकून ताईने फोनवर तिला फैलावर घेतलं. "तोंडात वाळू भरलीये का गं? बोल की त्याच्याशी! गेल्यावर रडत बसू नकोस."

संध्याकाळी तो बॅग घेऊन दारात उभा राहिला. "चला... निघतो मी."

त्याने पाठ फिरवली, एक पायरी उतरला — आणि तिला राहवलं नाही.

"ऐका ना! मागच्या टोकाला कळलंय."

तो थांबला. "कधी?"

"उशिराच... पण पक्कं कळलंय. तुम्ही जाऊ नये असं वाटतंय मला."

बॅग दारातच राहिली. तो आत आला, तेव्हा तिने पेटीकडे बोट केलं. "बसा."

"आणि ओरडलात तर?"

"या वेळी उतरायचं नाही."

तो बसला. आज त्याने बोट दाखवलं नाही. तिच्या भुवईवरची वाळू हलकेच पुसली.