मागे मोकळं

हे खोटं वाटलं तर वाटू द्या. लोटन माझा मावसभाऊ, आणि थाप मारायला जेवढी अक्कल लागते, तेवढी देवाने त्याला दिलेलीच नाही.

मे १९९९. शनिवार. धुळे-जळगाव रस्ता, भर दुपारी.

लोटन, पंडित आणि सुपडू. तिघं पिंप्राळ्याचे, कॉलेजात जाणारे. कॉलनीतल्या कॉम्प्युटर क्लासात तारेने जोडलेली मशीनं होती. सर जेवायला गेले की टायपिंग बंद आणि बंदुकीचा गेम सुरू.

पुढे शिरायचा लोटन. बाजू सांभाळायचा पंडित. पाठ सांभाळायचा सुपडू.

नियम लोटनचा. पुढच्याने मागे बघायचं नाही. मागे बघितलं की समोरून गोळी बसते. पाठ सांभाळणाऱ्याने टेबलावर बोट वाजवायचं. दोनदा वाजलं म्हणजे मागे मोकळं, चला. एकदा म्हणजे थांबा.

सुपडूचं बोट कधी चुकलं नाही.

त्या शनिवारी ते धुळ्याच्या पोरांशी खेळायला गेले आणि जिंकून आले. बारा वाजता परत निघाले. पुढे लोटनची स्कूटर, मागच्या सीटवर पंडित. त्यांच्या मागे सुपडू एकटा, त्याच्या आबांच्या जुन्या स्कूटरवर. तिचा हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायचा. बाजारात कुठेही ओळखू यायचा.

"रस्त्यावर पण तोच नियम, भो," लोटन म्हणाला. "मी काही वळून बघणार नाही."

"नको बघू. मी शे ना मागे," सुपडू म्हणाला.

पारोळ्याला दोन हॉर्न वाजले.

एरंडोलला दोन.

ऊन असं की तोंडाला रुमाल बांधूनही ओठ फुटत होते. लोटनच्या गाडीला आरसा नव्हता. पंडित त्याच्या पाठीवर डोकं टेकून झोपेला आलेला.

पाळधीला... दोन.

बांभोरीला गिरणेच्या पुलावर... दोन. घसा बसलेले.

पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटवर अडीच वाजता पुन्हा दोन.

गेट बंद होतं. लोटनने गाडी थांबवली, रुमाल सोडला आणि पहिल्यांदा मागे वळला.

मागे कोणी नव्हतं.

सुपडू एरंडोल सोडल्यावर लगेच पडला होता. पावणेदोनला. रसाच्या गाडीवाल्याने पाहिलं. स्कूटर खड्ड्यात, पुढचा भाग चेपलेला, हॉर्न तुटून बाजूला पडलेला. अर्धा तास जीव होता. त्याने पाणी पाजलं. सुपडू एकच विचारत राहिला, "पुढचे पोहोचले का?"

लोटनने हॉर्नचं सांगितलं. कोणी मानलं नाही. पंडितनेही ऐकले होते, त्याने साक्ष दिली. लोक म्हणाले, चोर चोर मावसभाऊ. खरा मावसभाऊ मी, आणि मी तर तिथे नव्हतोच. मित्राला टाकून पळाला, हे लोटनच्या नावावर चिकटलं ते चिकटलंच.

त्याला रडू आलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं.

दहाव्याला सुपडूच्या आईने, बेबाबाईने, त्याला बाजूला बोलावलं.

"खरं सांग, लोटन. भोंगा कितीदा वाजना?"

"दोनदा, काकू."



"मालेबी दोनदाच ऐकू उना. अडीचले, दारशी. मी ताट वाढी ठेवं व्हतं." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "तुना नियम त्यानी पाळा, भाऊ."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लोटन मला म्हणाला.

पुढे त्याला धुळ्याला नोकरी लागली. दर शनिवारी दुपारी तो त्याच रस्त्याने घरी यायचा. एरंडोल सुटलं की मागून...

दोन हॉर्न. पाळधीला. पुलावर. गेटवर.

तो कधी वळला नाही. पण खरं सांगायचं तर त्याला त्यांची सवय झाली होती. आधार वाटायचा.

डिसेंबरातल्या एका शनिवारी, एरंडोल सोडल्यावर...

एकच वाजला.

लोटनने ब्रेक मारला. पाय टेकवला. मागे बघितलं.

मोकळा रस्ता. एक बैलगाडी, तीही लांब.

त्याने स्कूटर वळवली. सात महिन्यांनी, पहिल्यांदा, तो सुपडूसाठी मागे गेला. त्या खड्ड्यापाशी ऊन उतरेपर्यंत नुसता उभा राहिला. काही दिसलं नाही. काही ऐकू आलं नाही.

मग तो घरी निघाला. पाळधी गेलं. पूल गेला. गेट आलं.

काहीच वाजलं नाही. त्यानंतर कधीच नाही.

सुपडूला काय हवं होतं, आणि त्याला ते मिळालं का, हे लोटन मला अजून विचारतो. मला काय सांगता येणार?

आता गाडी चालवताना तो दर दोन मिनिटांनी मागे बघतो. मागे मोकळंच असतं.